नव्याचे नऊ दिवस

(द्वितीय वर्ष, कला)

'नव्याचे नऊ दिवस' अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरी २०२२ च्या जूनमध्ये आलेल्या नव्या संगणकाने तेवढे दिवसही भरले नाहीत. पाचव्या दिवशी तो चालता चालता बंद पडला. त्या वेळी घरात 'संगणक बिघडला' असे कोणीच म्हटले नाही. आईने माझ्याकडे पाहून विचारले, "काय दाबलंस गं?"

या एका प्रश्नाविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर कशाला लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. पण प्रकल्प टंकित करून द्यायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, परीक्षेचे प्रवेशपत्र काढायचे, तर आपल्यालाही संगणक सुटलेला नाही. शिवाय यंत्र कसे बनवावे हा प्रश्न शास्त्रशाखेचा असेल; ते बिघडल्यावर दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा प्रश्न मात्र आपलाही आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा वसई पूर्वेला वालीवच्या एका गाळ्यात लेथवर काम करतात. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा बाबांनी शिल्लक ठेवलेला दिवाळीचा बोनस आणि आईच्या भिशीचे पैसे असे मिळून २७,००० रुपये जमले. नालासोपाऱ्याला गाडी पकडून, दादरला ती बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने एक खोके पुढे सरकवले. "काका, हेच घ्या. एकदम नवं मॉडेल, कालच आलंय." बाबा एरवी भाजी घेताना भेंडीचे टोक मोडून पाहतात. त्या दिवशी त्यांनी काहीच मोडून पाहिले नाही. कोणते टोक मोडायचे हेच आम्हा दोघांना ठाऊक नव्हते.

घरी आणल्यावर आईने संगणकाची पूजा केली आणि त्याच्यासाठी भरतकामाचे एक आच्छादन शिवले. पण यंत्राची तऱ्हा पहिल्यापासूनच न्यारी. बटण दाबल्यावर पडदा नीट उघडायला पाच मिनिटे लागत. एक पान उघडून दुसरे उघडावे तर पहिले गोठून जाई. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो दोनदा बंद पडला आणि शेवटी मी सायबर कॅफेत पैसे देऊन अर्ज भरला. दुकानात फोन केला की दर वेळी निराळे उत्तर मिळे. एकदा म्हणाले, "तुमच्याकडची लाईट खराब असेल." एकदा म्हणाले, "वसईची हवा खारट, त्याला आम्ही काय करणार?" आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "मुलीला आधी क्लास लावा, काका."

हे तिसरे उत्तर मला खरे वाटले. ज्या घरात आधी कोणी संगणक पाहिलेला नाही, तिथे यंत्र आणि मुलगी यांच्यात चूक मुलीचीच असणार, असे मीही धरून चालले. वर्षभर मी कोणाकडे तक्रार केली नाही. या लाजेत वॉरंटीचे वर्ष सरून गेले.

पुढे कनिष्ठ महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील दादांना मी भीत भीत सगळे सांगितले. त्यांनी एका रविवारी घरी येऊन यंत्र उघडले आणि दहा मिनिटांत निदान केले. ते त्यांनी ग्रंथालयाचा दाखला देऊन समजावले. डिस्क म्हणजे पुस्तकांची कपाटे आणि रॅम म्हणजे वाचायचे टेबल. टेबल लहान असले की पुस्तके सारखी कपाटात ठेवावी लागतात आणि पुन्हा काढावी लागतात. आमच्या यंत्रात टेबल लहान, म्हणजे रॅम ४ जीबी. आणि कपाटाशी नेमलेला शिपाई म्हातारा, म्हणजे फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. त्यावर घातली होती विंडोज ११ ही नवी प्रणाली. तिला किमान ४ जीबी रॅम लागते असे तिचे निर्मातेच सांगतात. पण किमान म्हणजे यंत्र सुरू होईल एवढेच, त्यावर सुखाने काम होईल असे नव्हे. डिस्क काढून तिच्या जागी एस.एस.डी. घातली, तेव्हा तोच संगणक अर्ध्या मिनिटात उघडू लागला. मधूनच बंद पडण्याचे कारण वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे एस.एम.पी.एस. तो कमकुवत निघाला. दोन्हींचे पैसे आम्हीच भरले.

खोटे कशाला सांगू, आमचीही एक चूक निघाली. आईच्या आच्छादनाने हवा जाण्याची जागा झाकली जात होती. दादांनी ते सांगितल्यावर आईने ते त्याच दिवशी काढून ठेवले. आपली चूक मान्य करायला आईला एक मिनिट पुरले. बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना वर्ष पुरले नाही.

त्या रात्री बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे नवा जॉब लागला की पहिला पीस आम्ही व्हर्नियरनं मोजतो. तो पास झाल्याशिवाय दुसरा पीस मशीनला लावत नाहीत. आणि पहिला पीस गिऱ्हाईकाला तर कधीच देत नाहीत. या लोकांनी आपल्यालाच पहिला पीस दिला."

बाबा नववीपर्यंत शिकले आहेत. पण नव्या संगणकांच्या दर्जाविषयी पुढे जे काही वाचले, त्यात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही.

हे आमच्यासारख्यांच्याच वाट्याला येते असे मला वाटत होते. तो समज वाचनाने दूर झाला. १९९४ साली अमेरिकेत, व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयात टॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करीत होते. नव्या पेन्टियम संगणकावर काही भागाकारांची उत्तरे चुकत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी आधी आपला प्रोग्रॅम तपासला, मग यंत्राचे इतर भाग तपासले आणि शेवटी दोष इंटेलच्या चिपमध्येच असल्याचे दाखवून दिले. कंपनीला तो आधीच कळलेला होता. तरीही तिची पहिली भूमिका अशी की, आपल्याला अचूक गणिताची गरज आहे हे जो पटवून देईल त्यालाच चिप बदलून मिळेल. लोकांनी ओरड केल्यावर त्या डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देण्याचे कंपनीने मान्य केले आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

दुसरे उदाहरण डेल कंपनीचे. २००३ ते २००५ या काळात तिने विकलेल्या ऑप्टिप्लेक्स जातीच्या अनेक डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून गळू लागले. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ती सारख्या दाबाने पुढे देणारा लहानसा भाग. त्यासाठी कंपनीने ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे २०१० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने न्यायालयातील कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली. तीत असे होते की, टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागातले संगणक बंद पडू लागले तेव्हा, तुम्ही त्यांच्याकडून फार अवघड गणिते करून घेता, म्हणून ते बिघडले, असे कंपनीने सांगितले होते. हे वाचून मला हसू आले आणि धीरही आला. गणिताच्या प्राध्यापकांनाही 'काय दाबलंत?' असेच विचारले गेले होते तर!

आणि हे जुने झाले म्हणून सोडून द्यावे असेही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. २०२४ मध्ये कंपनीने ठरावीकापेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचे मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली. हे प्रोसेसर महागातले होते.

या विषयावर आमच्या वर्गात वाद झाला. एक मित्र म्हणाला, "स्वस्तातलं घेतलं की स्वस्तातलंच मिळणार." मला हे पटत नाही. हलका चहा स्वस्त असावा, पण त्यात भुसा नसावा. कमी किमतीत कमी मिळावे हे न्यायाचे आहे. पण काय कमी आहे ते घेणाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. फ्रिज किती वीज खातो हे त्याच्यावरच्या ताऱ्यांवरून माझ्या आईला कळते. संगणकाच्या खोक्यावरून मात्र तो चालेल कसा हे तिला कळत नाही. अशा वस्तूंची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची करणारा आदेश २०१२ साली निघाला. पण ती तपासणी शॉक लागू नये, आग लागू नये यासाठी असते. यंत्र कामाला पुरेसे आहे की नाही, हे ती पाहत नाही.

दुसऱ्या एका मैत्रिणीचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा होता. नव्या वस्तूत चुका राहणारच. आपण त्यांना नावे ठेवत बसलो तर नवे काही येणारच नाही, असे तिचे म्हणणे. तिने 'आकाश' टॅब्लेटचे उदाहरण दिले. तो डेस्कटॉप नव्हे, पण आपल्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याचे मोठ्या थाटात उद्‌घाटन झाले. त्याचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा आणि पडदा बोट जोराने दाबावे लागेल असा होता. खूप टीका झाली. पुढे हे काम पवईच्या आय.आय.टी.कडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये १ गिगाहर्ट्झ प्रोसेसरचा, चांगल्या पडद्याचा 'आकाश २' आला. मैत्रीण म्हणते, पहिला झाला म्हणूनच दुसरा झाला. मी म्हणते, पहिल्यावर टीका झाली म्हणून दुसरा सुधारला. मुकाट्याने सोसले असते तर सुधारणा करण्याचे कारणच कोणाला उरले नसते. तक्रार करणारा मनुष्य नव्याचा शत्रू नसतो. कारखान्यात व्हर्नियर धरणाऱ्या माझ्या बाबांना कोणी कामाचे शत्रू म्हणत नाही.

तेव्हा आपण काय करावे? मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, भेंडीचे टोक मोडायला शिकावे. रॅम किती आणि पुढे वाढवता येते का, आत हार्ड डिस्क आहे की एस.एस.डी., प्रोसेसर कितव्या पिढीचा, दुरुस्ती केंद्र कोठे, एवढे चार प्रश्न पुरेत. आणि दुकानातच यंत्र सुरू करून ते किती वेळात उघडते हे घड्याळ लावून पाहावे. आपल्याच महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची सवय लावली. चार विद्यार्थ्यांनी मिळून, जाणत्याला बरोबर नेऊन संगणक घेतले, तर एकट्या बापाला गप्प बसवणाऱ्या दुकानदारापुढे चार तोंडे बोलतील.

दुसरी गोष्ट, बिघाड लिहून ठेवावा. आपल्या संगणक कक्षात दाराशी एक वही टांगावी. तारीख, यंत्राचा क्रमांक आणि काय झाले, एवढेच तीत लिहावे. एकाच यंत्रावर वीस जणांना तोच त्रास झाल्याचे दिसले की, 'विद्यार्थ्यांना वापरता येत नाही' असे म्हणणे अवघड होईल.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान मुंबईला असले तरी अडत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. प्राथमिक मदतीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. हे सारे मी प्रथम वर्षाला आल्यावर वाचले, तोवर आमची दोन वर्षे उलटून गेली होती. तुमची उलटू नयेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण आपापल्या घरातले पहिलेच विद्यार्थी आहेत. आपल्याला काही येत नाही हे ऐकायची आपल्याला सवय आहे आणि ते पुष्कळदा खरेही असते. पण ते दर वेळी खरे नसते. 'दोष माझ्यात नसून यंत्रात असू शकेल' असे म्हणण्याची हिंमत हासुद्धा शिक्षणाचाच भाग आहे, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात आमचा संगणक पुन्हा एकदा अचानक काळा पडला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले, मग यंत्राकडे पाहिले आणि विचारले, "काय झालं गं त्याला?"