परवाना कुणाच्या कमरेला?

मराठवाड्यात बंदूक कुणाला ठाऊक नाही? दसऱ्याला हळदकुंकू लावून पुजतात ती. वरातीत हवेत उडते ती. २०१९ च्या दुरुस्तीनं वरातीतला बार गुन्हा झाला, पण मिशीचा पीळ काय उतरला नाही. शेजारच्या बीडात डिसेंबर २०२४ ला सरपंचाचा खून झाला, मग उजेडात आलं की एकट्या जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने. सांग दोस्ता, त्यातले वस्तीत किती?

४ ऑगस्ट १९७८, टेंभुर्णी, जिल्हा नांदेड. पोचीराम कांबळेला जमावानं हाल हाल करून जाळलं. १ जून २०२३, नांदेडला खेटून बोंढार हवेली. भीमजयंती काढल्याच्या रागातून पोराला भोसकून मारल्याचा आरोप. म्हणून आपली पोरं आता म्हणायलीत, घोडा पाहिजे.

कसला घोडा? गावठी कट्टा? नळीच्या तुकड्याचा तो, कवा हातात फुटेल नेम नाही. आणि फुटला नाही तरी कलम २५ तुझ्यासाठी तयारच. मारणारा जामिनावर आणि तू आत. फुकाचा माज आहे हा, स्पष्ट सांगतो.

मग कायद्याचं? ९ एमएम आन् .३८ तुला मिळत नाही, .३२ मिळेल. २०१४ ला कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ काढलं. सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. म्हणे बायकांच्या रक्षणासाठी! कुठल्या बायकांच्या? लातूरच्या फडात ऊस तोडणारीच्या? मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. सव्वा लाख म्हणजे किती पाळ्या, हिशेब करवत नाही. बरं, घेतलं. एका खोलीत सहा माणसं, लेकरं धरून. ते ठेवायचं कुठं, उशाखाली? आणि दोनशेचा जमाव दारात आला तर सातवी गोळी कुठनं आणायची?

२०१६ च्या नियमानं पिस्तूल होल्स्टरात, पुरतं झाकून न्यायचं, दाखवत फिरायचं नाही. मग जीपच्या सीटवर उघडं ठेवणारा कुणाच्या जिवावर ठेवतो?

म्हणून आधी त्यांचं काढा. हे माझं नाही, सरकारचंच लिहिलेलं आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम १९९५, नियम ३. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने गरज पडल्यास रद्द करा, बेकायदा हत्यारं जप्त करा, आणि जरूर असेल तर दलित-आदिवासींना परवाने द्या. तीस वर्षं उलटली. ही ओळ कुण्या साहेबानं मोठ्यानं वाचलीय? शांतता कमिटीत चहा पाजतात आन् आपल्यालाच सबुरी शिकवतात.

अर्ज करा. नांदेडला करा, लातूरला करा, गावागावातून करा. वर नियम ३ चा आकडा टाका, खाली दोन मागण्या: ज्यांनी धमकावलं त्यांचे परवाने काढा, आणि आमचा अर्ज तपासा. मालमत्ता नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही, १९५९ च्या कायद्यातच कलम १४ आहे. नाकारलं तर कारणं लेखी मागा, मग कलम १८ खाली अपील. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.