मगरीचा ठसा

सयाजीबागेतून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. माझे वडील दरबारी गवई. सकाळचा रियाज आटोपला की ते मला पुलावर नेत आणि काठावर ऊन खात पडलेली मगर दाखवीत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हा साऱ्या शहराने त्यांच्याकडे पाहिले. पण भीतीने पाहणे म्हणजे ओळखणे नव्हे.

मेलेली मगर पेंढा भरून ठेवावी, असे कोणी म्हणेल. ते नीट साधत नाही. वाघाचे केस कारागिराचे टाके झाकतात. मगरीला केस कुठले? कातडे वाळताना आकसते, खवल्यांच्या कडा वळतात, रंग उडतो. म्हणून जाणते कारागीर ठसा घेतात. देह धुऊन, नैसर्गिक ठेवणीत मांडून, त्यावर रबराचा चीक कुंचल्याने लावायचा. एक हात वाळला की दुसरा. मध्ये जाळीचे कापड, वरून प्लॅस्टरचे कवच. रबर वाकते, म्हणून खवल्यांच्या खाचांतूनही न तुटता सुटते. त्या साच्यात मग प्रतिकृती घडवायची. शिकागोच्या फील्ड म्युझियमचे लिऑन वॉल्टर्स यांनी १९२५ मध्येच सेल्युलॉइडच्या प्रतिकृतींची रीत प्रसिद्ध केली. रंग वरून फासायचा नाही. साच्यातच थर देत जायचे, म्हणजे तो कातडीतलाच वाटतो.

पहिल्या हातात बुडबुडा राहिला, तर प्रत्येक प्रतिकृतीवर तो उमटतो. मी गाणे शिकवितो, तेव्हा हे मला चांगलेच कळते. गुरूचा कणसूर शिष्यांच्या गळ्यात असाच वर्षानुवर्षे राहतो.

मगरीला १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. तिचा मृतदेहही सरकारचाच. तेव्हा हे काम खाजगी हौसेचे नव्हे. मोटारीखाली वा वार्धक्याने मेलेल्या मगरीची विल्हेवाट लावण्यापूर्वी वनखात्याने आणि आपल्या संग्रहालयाने मिळून तिचा ठसा घ्यावा. आपल्या उन्हात देह टिकत नाही. म्हणून थंड खोली आणि परवानगीचा कागद आधीच तयार हवा.

संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा आपण सर्वांनी लहानपणी डोळे विस्फारून पाहिला आहे. त्याच्या शेजारी आपल्या नदीची मगर मुलांना हाताने चाचपता आली, तर पुढच्या पुरात दगड उचलण्यापूर्वी ती क्षणभर थांबतील.