निवडुंगालाही पावसाळा हवा

‘निवडुंग घ्या, त्याचं काही करावं लागत नाही,’ असं सांगून छोटे निवडुंग विकले जातात, आणि या एका वाक्यापायीच ते घरी आल्यावर फुलत नाहीत. त्यांना पाणी कमी लागतं हे खरं. पण कमी म्हणजे आठवण झाली की दोन चमचे, असं नव्हे. मॅमिलेरियाचंच उदाहरण घेऊ. मुठीएवढं झाड, अंगभर बारीक उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावर काट्यांचा झुबका. हे मुख्यतः मेक्सिकोचं. तिथल्या पठारावर पाऊस थोडाच, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मग कोरडे महिने आणि गारठलेल्या रात्री. म्हणजे वेळापत्रक आपल्या दख्खनच्या पठाराचंच! पावसात झाड फुगतं, शेंड्याला नवे उंचवटे धरतं. हिवाळ्यात आकसून थांबतं. कळ्या फुटतात त्या मागच्या हंगामात वाढलेल्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून, म्हणून फुलं ऐन शेंड्यावर न येता त्याच्याभोवती गजऱ्यासारखी गोल उमलतात. वाढच झाली नसेल तर कळीला जागा कुठली? पावसाळ्यात कुंडीच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावं, माती पूर्ण सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. दिवाळीनंतर हात आखडता घ्यावा आणि डिसेंबर-जानेवारीत जवळपास बंदच करावं. वर्षभर चमचाभर पाण्यावर ठेवलेलं झाड धड वाढत नाही आणि त्याला धड विश्रांतीही मिळत नाही.

यावर कोकणातले आणि मुंबईतले लोक म्हणतील, आमच्याकडे पावसाळ्यातच निवडुंग कुजतो. कुजतो, पण पाणी दिल्यामुळे नव्हे, ते मुळाशी साचून राहिल्यामुळे. निम्म्याहून अधिक नदीची जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे, बाकी माती व थोडं गांडूळखत, मातीची कुंडी, वर छज्जा आणि खाली पाणी साचणारी बशी नाही, एवढं केलं की बहुतेक धोका टळतो. दमट हवेत माती सुकायला वेळ लागतो, तेव्हा पाण्याची पाळीही लांबवावी. ‘आमचा तर पाणी न घालताच फुलला,’ असंही कुणी सांगतं. ते फूल नर्सरीत झालेल्या वाढीचं असतं. खरी परीक्षा पुढच्या वर्षी. शिवाय फूल खरं आहे ना, तेही बघावं. काही ठिकाणी सुकवलेली रंगीत फुलं गोंदाने चिकटवून विकतात. फूल ऐन माथ्यावर मधोमध बसलेलं असेल आणि देठाशी गोंदाचा चकाकता थेंब दिसला, तर ते झाडाचं नाही. ते ओढून काढताना शेंड्याला जखम होते.

उन्हाच्या बाबतीत मात्र काही चालवून घेता येत नाही. रोज काही तास थेट ऊन नसेल तर झाड शेंड्याकडे निमुळतं, फिकट होत जातं, आणि मग पाण्याचं कितीही नेमकं वेळापत्रक पाळलं तरी कळी धरत नाही. ऑफिसच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, त्याला ठेवूच नये.