भिंत त्यांच्या हाती द्या

दरवर्षी २६ जून उजाडला की शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात, सरकारी कार्यालयांत सामूहिक शपथ होते आणि एखाद्या उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर कवटी, बाटली नि सिरिंज रंगवली जाते. अमली पदार्थविरोधी दिनाचा हा सोपस्कार. भिंतीवरचा व्यसनी माणूस खंगलेला, भेसूर आणि निनावी असतो. त्याचे चित्र काढताना त्याला मात्र कुणी बोलावलेले नसते. अशा चित्रांनी किती जण नशेपासून दूर राहिले, हे कुणी मोजत नाही. पण व्यसन म्हणजे लपवण्याजोगी नामुष्की, हा समज ती पक्का करतात.

या समजाची किंमत मोठी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. केंद्रे अपुरी आहेत, हे त्याचे एक कारण. ‘लोक काय म्हणतील’ हे दुसरे. पहिल्यावर निधीचा उपाय आहे. दुसऱ्यासाठी लोकांसमोरच जावे लागते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाने ते केले. १९८४ मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या तरुणांना आवरण्यासाठी तिथल्या महापालिकेने मोहीम काढली. चित्रकार जेन गोल्डन यांनी त्याच पोरांच्या हाती ब्रश दिले आणि त्यातून शहराचा भित्तिचित्र प्रकल्प उभा राहिला. पुढे महापालिकेच्या मानसिक आरोग्य विभागाला सोबत घेऊन ‘पोर्च लाइट’ हा उपक्रम आला. व्यसनातून सावरणारे, त्यांचे कुटुंबीय, शेजारी आणि चित्रकार एकत्र बसून विषय ठरवतात. चित्र कापडाच्या तुकड्यांवर रंगवून मग भिंतीवर चिकटवले जाते. त्यामुळे परांचीवर चढू न शकणाऱ्यालाही त्यात हात लावता येतो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी या उपक्रमाचा अभ्यास केला. चित्रांच्या आसपास राहणाऱ्यांमध्ये एकमेकांवरचा भरवसा वाढल्याचे आणि व्यसनी व मनोरुग्ण यांच्याविषयीची अढी कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्याच शहरातील केन्सिंग्टन भागाला मात्र अफूवर्गीय नशेचा विळखा आजही आहे. रंगाने नशा उतरत नाही. औषधोपचार, समुपदेशन आणि पाठपुरावा यांना पर्याय नाही. कलेचे काम उपचारानंतर सुरू होते: सुटून आलेल्या माणसाला रिकाम्या संध्याकाळी करायला काही देणे आणि वस्तीत पुन्हा जागा मिळवून देणे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीतून १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. लाकडातले कोरीवकाम, ओरिगामी, बासरी यांत रमणाऱ्या अवचटांच्या या केंद्रात उपचारांबरोबर कलेलाही जागा मिळाली. पण केंद्राच्या आवारात फुललेली कला गल्लीत येत नाही, आणि माणसाला परतायचे असते ते गल्लीतच.

म्हणून काही गोष्टी सरकारने आणि समाजाने कराव्यात. ‘नशामुक्त भारत’ अभियान २०२० पासून सुरू आहे; त्याच्या प्रसिद्धीखर्चातला ठरावीक वाटा अशा सामूहिक कलाप्रकल्पांसाठी राखून ठेवावा. महापालिकांनी भिंती द्याव्यात, कलामहाविद्यालयांनी विद्यार्थी द्यावेत, व्यसनमुक्ती केंद्रांनी समुपदेशक. गणेशोत्सव मंडळे व्यसनमुक्तीवर देखावे करतातच. त्यांची संहिता ठरवताना सावरलेल्यांना बोलवावे. पथनाट्य आणि भारूड तर या कामासाठी हाताशीच आहेत. एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. कुणालाही आपली कहाणी सांगण्याची, नाव किंवा चेहरा दाखवण्याची सक्ती नको. फीत कापणाऱ्या पुढाऱ्यासोबत ‘माजी बेवड्या’चे छायाचित्र काढणे ही मदत नव्हे, विटंबना आहे.

खर्च फारसा नाही. कवट्या रंगवायला पैसे लागतातच. येत्या २६ जूनला जिल्हा प्रशासनांनी ते काम ठेकेदाराला देण्याआधी जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राला विचारावे, इतके तर नक्कीच करता येईल.