प्रवासाचें ओझें

वैशाख लागला कीं आमच्या आळींत परदेशगमनाचा हंगाम सुरू होतो. कोणाचा मुलगा तिकडे असतो, कोणाची लेक. युरोपांतील उन्हाळा आपल्याकडील मार्गशीर्षासारखा सुखावह. शिवाय शेंगेन करारांतील देशांत पाहुण्यास कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहण्याची मुभा असते. तेव्हां अडीच-तीन महिन्यांचा बेत ठरण्यास वेळ लागत नाहीं. गेल्या आठवड्यांत असेंच एक परिचित दांपत्य संध्याकाळीं आमच्याकडे आलें. चिरंजीवांकडे नेदरलंड्समध्यें जावयाचें, आणि तेथून आगगाडीनें तीन-चार देश पाहून यावयाचें, असा त्यांचा ऐंशीं दिवसांचा बेत. चहा झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुमच्या माळ्यावर दोन मोठ्या पेट्या आहेत असें ऐकतों. त्या आम्हांला उसन्या द्याल का?"

पेट्या देण्यास आमची ना नव्हती. परंतु त्या बाईंच्या हातांत सामानाची चार पानी यादी होती, ती आम्हीं पाहावयास मागून घेतली. आणि दुसऱ्या पानावर येतों न येतों तोंच आम्हांस आमचा २०१६ सालचा प्रवास आठवला. ती गोष्ट सांगण्यासारखी भूषणावह नाहीं. तरी ती सांगितल्यावांचून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं, म्हणून आधीं तीच सांगतों.

आमची लेक जर्मनींत असते. तिच्याकडे दहा आठवडे राहावयाचें म्हणून आम्ही उभयतां निघालों. विमान कंपनी माणशी तेवीस किलोंची एक पेटी आणि हातांत सात किलोंची पिशवी नेऊं देत होती. आणि मुभा आहे तेवढें न्यावयाचेंच, हा आपल्या लोकांचा नियम. तिकडे पोंचल्यावर आठ दिवस इटली पाहण्याचें ठरलें. "बाबा, मोठ्या पेट्या येथेंच ठेवा, एक पिशवी पुरे," असें लेक परोपरीनें सांगत होती. "असूं देत बरोबर, कांहीं लागलें तर?" असें म्हणून आम्हीं तिचें बोलणें उडवून लावलें.

एका लहानशा स्थानकावर गाडी बदलावयाची होती. मध्यें नऊ मिनिटांचा अवकाश. समोरच्या फलाटावर जाण्यासाठीं रुळांखालून भुयार, त्यांत उतरण्यास एक जिना आणि वर चढण्यास दुसरा. हमाल नावाची संस्था तिकडे उरलेली नाहीं. आम्ही आमची पेटी घेऊन पुढें झालों, मागून सौभाग्यवती तिची पेटी घेऊन येत होती. शेवटून चौथ्या पायरीवर पेटीनें पुढें धांव घेतली आणि तिच्यामागोमाग ती. उजव्या मनगटाचें हाड मोडलें. ती तशीच पायरीवर बसली असतां आम्ही तिला काय म्हणालों? "इतकें सामान घ्यावें कशाला?" ती कांहीं बोलली नाहीं. पुढचे सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. ती डाव्या हातानें जेवत होती आणि लेक तिची वेणी घालीत होती.

घरीं परत आल्यावर, तिला हात चालवितां येईना म्हणून, तिची पेटी आम्हीं उपसली. तींत आमचा काळा कोट निघाला. आमचीं दोन धोतरें निघालीं, जड बुटांचा जोड निघाला, अमरकोश निघाला, आणि आम्ही तिकडे वाचणार होतों तीं टीकेसहित दोन काव्येंही निघालीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं आमची पेटी तेवीस किलोंच्या वर भरली, तेव्हां हें सर्व आम्हींच तिच्या पेटींत सरकविलें होतें आणि साफ विसरून गेलों होतों. काट्यावर घालून पाहिलें, तों तें नऊ किलो भरलें. दहा आठवड्यांत त्यांतील एक कोट तेवढा एकदां अंगावर आला होता. जिन्यावर तिच्या हातांत जें ओझें होतें, त्यांतील एवढा वांटा आमचा होता.

तेव्हांपासून आमचें मत असें झालें आहे कीं, हलकें सामान नेणें हा चतुराईपेक्षां सौजन्याचा भाग आहे. आपण जें अधिक घेतों तें शेवटीं कोणाच्या तरी हातांत जातें. आणि तें बहुधा अशाच माणसाच्या हातांत जातें, कीं जें तक्रार करीत नाहीं.

आतां सामान वाढतें कशानें? आमच्या नऊ किलोंतील प्रत्येक वस्तु "कदाचित् लागेल" या एका शब्दप्रयोगानें पेटींत शिरली होती. १९३१ च्या ऑगस्टअखेर गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं 'राजपुताना' बोटीनें विलायतेस निघाले, त्या वेळचा प्रसंग येथें आठवतो. बरोबरच्या मंडळींनीं, तिकडे न जाणों काय लागेल, म्हणून पेट्याच्या पेट्या घेतल्या होत्या. पुष्कळसें स्नेह्यांनीं आग्रहानें दिलेलें होतें. गांधीजींनीं बोटीवर तें सामान पाहिलें, एकेका वस्तूचा जाब विचारला, आणि एडन बंदर येतांच अनावश्यक तेवढें तेथूनच परत धाडावयास लावलें. आपल्या प्रवासांत असें एडन येत नाहीं. तें घरच्या ओसरीवरच निर्माण करावें लागतें.

२०२४ सालीं आम्ही पुन्हां दहा आठवड्यांसाठीं गेलों, तेव्हां प्रत्येकीं एकच पिशवी होती आणि तिचें वजन आठ किलोंच्या आंत होतें. तें कसें साधलें, तें वाचकांच्या उपयोगासाठीं सांगतों.

प्रथम कपडे. दहा आठवड्यांस लागणारे कपडे आणि एका आठवड्यास लागणारे कपडे यांत भेद नाहीं, कारण धुणें कोठेंही चुकत नाहीं. एक जोड अंगावर, एक वाळत, एक पिशवींत. याहून चौथा नको. जाड सुती कापड वाळण्यास फार वेळ घेतें. पातळ लोकर किंवा कृत्रिम धाग्याचें कापड रातोरात वाळतें. धुतलेला सदरा पिळून कोरड्या पंचांत गुंडाळावा आणि पंचासकट पुन्हां पिळावा, म्हणजे त्यांतील बरेंचसें पाणी पंचा शोषून घेतो. हा आपला पंचा प्रवासास अत्युत्तम. जाड टॉवेल घरीं ठेवावा. थंडीसाठीं एका अवजड कोटापेक्षां तीन पातळ कपडे एकावर एक घालावे. त्यांच्या मधल्या हवेनें ऊब राहते, आणि दुपारीं ऊन पडलें कीं एकेक उतरवितां येतो. सर्वांत वर वारा-पाऊस अडविणारें एक पातळ जाकीट असलें म्हणजे झालें. जोडा एकच, आणि तो पायांत. पिशवींत फार तर हलक्या चपला.

दुसरी गोष्ट खाण्याची. या यादींत आपल्या भगिनींचें वात्सल्य दिसतें, म्हणून येथें जपून बोललें पाहिजे. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेण्याची मनाई आहे. म्हणजे साजुक तुपाची बरणी नाक्यावरच राहणार. १४ डिसेंबर २०१९ पासून ताजीं फळें, भाज्या आणि पानें यांसही वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो; अननस, केळें, नारळ, खजूर आणि दुरियन हीं पांच फळें तेवढीं सुटलीं आहेत. तेव्हां हापूस आंबा आणि कढीलिंब दोन्ही बाद. सुक्या खोबऱ्याची गोष्ट निराळी. त्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेऊं शकतें, म्हणून विमानवाहतुकींत त्याची गणना धोक्याच्या मालांत होते, आणि २०२२ पासून आपल्या विमानतळांवर तें सामानांतून काढून घेतलें जाऊं लागलें आहे. म्हणजे युरोपास ओला नारळ चालतो, आणि विमानास सुकें खोबरें चालत नाहीं! लोणचें हातांतल्या पिशवींत ठेवल्यास तें द्रवांत मोडतें, आणि द्रवाची बाटली १०० मिलिलिटरच्या वर चालत नाहीं. कांहीं विमानतळांवर नवीं यंत्रें आल्यापासून हा नियम सैल होत आहे, पण त्यावर विसंबूं नये. आम्ही गोडा मसाला आणि हिंगाची एक डबी तेवढी नेली. बाकी डाळ-तांदूळ तिकडच्या शहरांत मिळतात.

तिसरें औषधें. येथें मात्र काटकसर करूं नये. मुक्कामाच्या सर्व दिवसांचीं आणि वर आठवड्याचीं औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतल्या पिशवींतच ठेवावीं. चिठ्ठींत औषधाचें मूळ शास्त्रीय नांव असावें. आपल्याकडील व्यापारी नांव तिकडच्या औषधविक्रेत्यास ठाऊक नसतें. चष्म्याचा दुसरा जोड, पारपत्राच्या नकला आणि विम्याचा कागद हींही जवळच. शेंगेन व्हिसासाठीं निदान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. मोबाइलची पॉवर बँकही हातांतच. ती विमानाच्या पोटांतील सामानांत ठेवण्यास बंदी आहे.

चौथी गोष्ट पेटीची. चाकांच्या पेटीचें पेटंट अमेरिकेंत बर्नार्ड सॅडो यांस १९७२ मध्यें मिळालें. सोय मोठी झाली, परंतु तेव्हांपासून वजनाची वार्ता हातापर्यंत येईनाशी झाली. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर तेवीस किलो बोटानें ढकलतां येतात. जिना आला किंवा जुन्या शहरांतील दगडी फरसबंदी आली कीं चाकें हात टेकतात. शिवाय टणक चाकांची लहान पेटी स्वतःच तीन किलोंच्या आसपास असते. सात किलोंच्या मुभेंतील तेवढे रिकाम्या पेटीलाच जातात. आम्ही पाठीवरच्या साध्या पिशव्या घेतल्या.

विमानाच्या पोटांत गेलेली पेटी हरवल्यास काय, हेंही ठाऊक असावें. १९९९ च्या माँट्रियल करारानें विमान कंपनीवर भरपाईचें दायित्व आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा प्रवाशामागें १,५१९ विशेष उचल हक्क इतकी आहे. हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें हिशेबी परिमाण होय. पेटी मोडल्याची तक्रार सात दिवसांत आणि उशिरां मिळाल्याची एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. जिच्या खांद्यावरच पिशवी आहे तिला यांतील कांहींच करावें लागत नाहीं.

शेवटीं कसोटी. पिशवी भरून झाली कीं ती घेऊन घरचे दोन जिने चढून उतरावे, आणि तेही एक हात मोकळा ठेवून. तो हात कठड्यासाठीं आहे, किंवा शेजारच्या माणसासाठीं. धाप लागली तर पुन्हां उपसावी. आणि दुसऱ्याच्या पिशवींत आपली एकही वस्तु सरकवूं नये, हा आमच्या घरांतील आतां अलिखित कायदा आहे.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. २०२४ च्या तयारींत सौभाग्यवतीनें एक गोधडी पुढें ठेवली. तिच्या सासूच्या, म्हणजे आमच्या आईच्या, जुन्या लुगड्यांची तिनें नातवासाठीं शिवली होती. मोडलेल्या मनगटानें शिवावयास सारा पावसाळा लागला होता. वजन दीड किलो. नातवास तिकडे पांघरुणांची वाण नव्हती, हें ती जाणून होती आणि आम्हीही. आम्हीं आपला दुसरा स्वेटर आणि दोन पुस्तकें बाहेर काढलीं, आणि गोधडी आमच्या पिशवींत घातली. वरसईचे गोडसे भटजी १८५७ सालीं पैका मिळवावयास उत्तरेकडे गेले आणि वाटेंत लुटले गेले, तरी परततांना आईबापांच्या स्नानासाठीं गंगोदकाची कावड त्यांनीं खांद्यावरून आणली. ती कावड हलकी नव्हती. पण तसें ओझें खांद्यावर घ्यावयाचें तर आधीं खांदा मोकळा पाहिजे.

हें सर्व आम्हीं त्या दांपत्यास सांगितलें. गृहस्थ कांहीं वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं पत्नीच्या हातांतून यादी घेतली आणि खिशांतून पेन्सिल काढली. निघतांना आम्हीं त्यांना पेट्यांऐवजीं सामान टांगून तोलण्याचा आमचा काटा दिला. पेट्या अद्याप माळ्यावरच आहेत. काटा परत आला कीं ज्या वाचकांस हवा असेल त्यांनीं खुशाल घेऊन जावा.