सभासदत्वाचे पत्रक आणि बांबोळीचा रस्ता

खाजगी आरोग्यविमा कंपन्यांची सभासदांसाठीची पत्रके आता मालवण, कट्टा, आचरे अशा गावांतील घरांतही पोहोचू लागली आहेत. पूर्वी ती टपालाने येत, आता बहुधा भ्रमणध्वनीवर येतात. अशा पत्रकातील मजकूर ठराविक असतो : वर्षातून एकदा मोफत तपासणी, व्यायामशाळेच्या शुल्कात सवलत, दररोज अमुक पावले चालणाऱ्यास गुण आणि त्या गुणांच्या बदल्यात पुढील हप्त्यात थोडीशी सूट. शेवटी संलग्न रुग्णालयांची हजारांत मोजलेली संख्या. पत्रक वाचून देवबागच्या निवृत्त शिक्षकाला आपण एका मोठ्या कुटुंबात सामील झालो असे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. पत्रक त्यासाठीच लिहिलेले असते.

या सवलती कोणाला उपयोगी पडतात, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. रोज दहा हजार पावले चालणारा मनुष्य हा मुळातच कमी आजारी पडणारा मनुष्य होय. त्याला बक्षीस देणे म्हणजे त्याच्या आरोग्याची काळजी घेणे खरे. पण त्याहून अधिक, असा निरोगी ग्राहक आपल्याकडे ओढून घेणे होय. संधिवाताने जखडलेल्या बाईला त्या गुणांचा काय उपयोग? विमा व्यवसायाचे अर्थकारण येथे उघडे पडते. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवर जो निबंध लिहिला, त्यापासून अर्थशास्त्रज्ञ हेच सांगत आले आहेत की, आरोग्यविम्याचा बाजार हा तांदळाच्या किंवा कापडाच्या बाजारासारखा नसतो. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी तर वृद्धांना विमा मिळणे का कठीण होते याचे उत्तरच देऊन ठेवले : हप्ता वाढविला की निरोगी माणसे बाहेर पडतात आणि आजारी तेवढी उरतात, म्हणून हप्ता आणखी वाढवावा लागतो.

आपल्याकडे सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७३ पासून चार सरकारी कंपन्या काम करू लागल्या आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला. पैसे आधी स्वतः भरावयाचे, पावत्या जोडावयाच्या आणि कार्यालयात खेटे घालावयाचे, असा तो काळ होता. खाजगी कंपन्या २००० नंतर आल्या, मध्यस्थ संस्था आल्या आणि रोकडरहित उपचारांचा शब्द रूढ झाला. सोय वाढली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘विमेदार’ हा रुक्ष शब्द जाऊन ‘सभासद’ हा जिव्हाळ्याचा शब्द आला, तो कोणत्या अर्थाने?

दक्षिण आफ्रिकेत १९९८ च्या कायद्यानुसार वैद्यकीय योजना या सभासदांच्या, नफा न वाटणाऱ्या संस्था आहेत. वय किंवा आजार पाहून वर्गणी कमीजास्त करण्यास तेथे मनाई आहे. उशिरा दाखल होणाऱ्यास अधिभार पडतो, पण एकदा आत आलेला तरुण आणि म्हातारा एकाच दराने पैसे भरतात. आपल्याकडील ‘सभासदा’ला कंपनीच्या कारभारात मत नाही आणि त्याचा हप्ता वयाबरोबर वाढतच जातो. साठी उलटलेल्यांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करावयाची तर आधी नियामक प्राधिकरणाशी सल्लामसलत केली पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. ज्याला खरोखर सभासद म्हणावे, त्याच्यासाठी असा आदेश काढावा लागला नसता.

पत्रकात जे ठळक छापलेले नसते, त्यातील एकच बाब घेऊ. समजा, मालवणातील एका निवृत्त लिपिकाचा तीन लाखांचा विमा आहे आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. रुग्णालयात त्या दराची खोली रिकामी नसल्याने तो ६,००० रुपयांची घेतो आणि पाच दिवस राहतो. खोलीचे ३०,००० झाले. कंपनी १५,००० देते. येथपर्यंत कोणालाही समजते. परंतु शस्त्रक्रिया, शल्यविशारद, परिचर्या यांचे जे ८०,००० झाले, तेही त्याच प्रमाणात अर्धे होऊन ४०,००० उरतात, कारण महाग खोलीतील रुग्णाला या सेवाही महाग लावल्या जातात असे गृहीत धरलेले असते. औषधे व तपासण्यांचे ४०,००० तेवढे पूर्ण मिळतात. त्यांना ही कात्री लावू नये असा नियम २०२० मध्ये झाला. दीड लाखाच्या देयकापैकी ५५,००० रुपये पदरचे गेले. पाच रात्रींच्या भाड्यातला फरक होता पंधरा हजारांचा! भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोड्या अधिक हप्त्यात मिळत असेल तर ती घ्यावी, हे व्यायामशाळेच्या सवलतीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

नियामकाच्याच अहवालानुसार २०२३-२४ या वर्षात देशात आरोग्यविम्याचे सुमारे १५,१०० कोटी रुपयांचे दावे पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य झाले आणि सुमारे १०,९३७ कोटींचे फेटाळले गेले. त्याच वर्षी सरकारी कंपन्यांनी आरोग्यविम्याच्या शंभर रुपये हप्त्यामागे दाव्यांपोटी शंभराहून अधिक रुपये खर्च केले, तर केवळ आरोग्यविमाच विकणाऱ्या खाजगी कंपन्यांनी सुमारे पासष्ट. सरकारी कंपन्यांचा तोटा हा काही आदर्श नव्हे. तथापि उरलेल्या पस्तिसांत अडत, जाहिरात, व्यवस्थापन आणि नफा आहे, आणि ती रंगीत पत्रकेही.

नियमांत सुधारणा झाली आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. २०२४ पासून जुन्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविली म्हणून दावा नाकारता येत नाही. रोकडरहित उपचारांच्या मागणीवर एका तासात आणि घरी सोडतेवेळी तीन तासांत निर्णय दिला पाहिजे. परंतु हा एक तास सुरू होतो तो रुग्णालयाच्या दारात. आचऱ्याच्या माणसाचे त्याआधीचे तास कोण मोजणार?

सिंधुदुर्गाची खरी अडचण ही आहे. १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. अलीकडे ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, पडव्यालाही खाजगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तरीही हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर आजार म्हटला की गाडी अजून बांबोळीच्या रस्त्याला लागते. मालवणहून ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. नाहीतर घाट चढून कोल्हापूर वा बेळगाव गाठावयाचे. आणि घाटाचा भरवसा पावसाळ्यात किती असतो हे कोकणी माणसाला सांगावयास नको. २०२४ मध्ये तर करूळचा घाट दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होता.

बांबोळीचे रुग्णालय मात्र गोव्याच्या करदात्याच्या पैशावर चालते. १ जानेवारी २०१८ पासून तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीपासून मालवणपर्यंत किती खळबळ उडाली होती! गोव्याच्या शासनाला बोल लावणे सोपे होते. त्याने आपल्या पाच वर्षांच्या रहिवाशांसाठी २०१६ मध्येच विमा योजना काढली होती. शेजाऱ्याच्या विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरणाऱ्याने आपली विहीर का खणली नाही, हा प्रश्न आपल्याच राज्याला विचारावयाचा होता. विमा हा खर्चाची विभागणी करतो. डॉक्टर निर्माण करीत नाही. जेथे विमेदार थोडे आणि विखुरलेले, तेथे मोठे खाजगी रुग्णालय येत नाही, आणि रुग्णालय नाही म्हणून विमा घेण्यात लोकांना राम वाटत नाही.

चाकरमान्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या पिढीला १९४८ च्या कायद्याने आलेल्या राज्य कामगार विम्याचा आधार होता, आणि त्याखेरीज गावकरी मंडळ होते. मंडळाच्या वर्गणीतून आजाऱ्याला मदत होई ती त्याचे वय किंवा प्रकृती विचारून नव्हे, तर तो गावचा म्हणून. निरोगी माणूस मंडळ सोडून जात नसे, म्हणून ते टिकले. अ‍ॅकरलॉफ यांचा पेच तेथे पडतच नव्हता. आजचा चाकरमानी कंपनीच्या सामूहिक विम्यावर विसंबून असतो आणि निवृत्त होऊन गावी परततो, त्याच दिवशी ते छत्र जाते. समूहातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाल जमेस धरला जातो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पत्रकात ती पहिल्या पानावर हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर गेला, सामूहिक विम्यावरील मात्र राहिला, हेही पतपेढीमार्फत विमा घेणाऱ्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. कर गेला तरी नूतनीकरणाच्या सूचनेतील मूळ हप्ता गेल्या वर्षीइतकाच आहे काय, तेही पाहावे.

दुसरीकडे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. संरक्षण वर्षाला पाच लाखांपर्यंत. म्हणजे मालवणचा लिपिक कर भरून एका विम्यात आहे आणि हप्ता भरून दुसऱ्या. दोन्ही विम्यांची कार्डे खिशात असून तो रात्री दोन वाजता गाडी कोठे न्यावी ते शेजाऱ्याला विचारतो. योजनेतील कोणते उपचार या जिल्ह्यातील कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष होतात, तेथे तो विशेषज्ञ आठवड्यातून किती दिवस असतो, आणि जे उपचार येथे होत नाहीत त्यांसाठी राज्याबाहेरच्या कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, एवढी यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्यास लागली पाहिजे. तिचा खर्च एका पत्रकाहून अधिक होणार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीत लोकप्रतिनिधींनी तेवढी मागणी करावी, आणि यादीत ज्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे लिहावे लागेल, त्या प्रत्येक पदाच्या भरतीची तारीख तेथेच विचारावी.