बांध घातला म्हणून पूर थांबत नाही

आपल्या हॉस्टेलमधला कुठलाही लॅपटॉप उघडा आणि 'धिस पीसी'वर क्लिक करा. चित्र ठरलेलं आहे. सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह. सी लालभडक, काठोकाठ भरलेला. डीमध्ये 'आयएमपी', 'न्यू फोल्डर' आणि 'न्यू फोल्डर (२)'. ईमध्ये पिक्चर. एफ जवळजवळ रिकामा. आणि मालकिणीला विचारलं की बाई गं, हे चार तुकडे कशाला, तर उत्तरही ठरलेलं : "अगं, डीमध्ये ठेवलेलं सेफ असतं!"

या एका वाक्याविरुद्ध हा लेख आहे.

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या एका ताईचा लॅपटॉप सबमिशनच्या अकरा दिवस आधी बंद पडला. चालू केला की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही अशी एक ओळ यायची. ताई आधी अगदी शांत होती. म्हणाली, "विंडोज उडालं असेल. उडू दे. माझं सगळं डीमध्ये आहे." रात्री विंगमधल्या फॉरमॅट-एक्सपर्टने (प्रत्येक विंगमध्ये एक असतेच) पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. सी दिसेना. डी पण दिसेना. दिसेना म्हणजे अख्खी डिस्कच दिसेना! एसएसडी मेली होती, आणि आत एसएसडी होती एकच. चार ड्राइव्ह होते ते फक्त नावाला. डेटा परत काढून देणाऱ्यांनी फोनवर जो आकडा सांगितला तो ऐकून तिने फोन ठेवून दिला.

प्रोजेक्ट कसंबसं पुन्हा उभं राहिलं, कारण रिपोर्टची जुनी प्रत गाइडना मेल केलेली होती. पण त्याच डीमध्ये तिच्या आजोबांचे तीन व्हिडिओ होते. फोन भरला म्हणून तिने ते लॅपटॉपवर घेतले आणि फोनमधून डिलीट केले होते. आजोबा आता नाहीत. आणि त्या व्हिडिओंची प्रत कुठल्याच गाइडकडे नव्हती.

त्या रात्री आमच्या खोलीत याच विषयावर चर्चा झाली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे पार्टिशन म्हटलं की मला इतिहासाचा धडा आठवतो. माझी रूममेट शिरोळ तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. तिने एका मिनिटात विषय संपवला. "आमच्याकडे चार भावांच्या वाटण्या झाल्या. मध्ये बांध घातले, सातबारा वेगळे झाले. २०१९ ला पूर आला तेव्हा पाण्याने काय बांध बघितला का? चौघांचाही ऊस गेला." पार्टिशन म्हणजे नेमकं हेच. जमीन एकच, बांध कागदावर. पार्टिशन टेबल हा डिस्कचा सातबारा आहे. कुठला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सातबारा फाटला तर शेत नाहीसं होत नाही, म्हणूनच नुसतं पार्टिशन टेबल बिघडलं असेल तर 'टेस्टडिस्क'सारखी फुकट सॉफ्टवेअर ते पुष्कळदा पुन्हा जुळवून देतात. पण शेतच वाहून गेलं तर सातबारा घेऊन काय करायचं?

मग ही चार तुकड्यांची पद्धत आली कुठून? आपले आधीचे लोक काही वेडे नव्हते, त्यांना तशी कारणं होती. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीला दिलेली असायची, म्हणून हार्डडिस्कचा पहिला भाग सी. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये हार्डडिस्क होती १० एमबीची! पुढे डिस्क वाढल्या, पण डॉस आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ ची फॅट१६ ही पद्धत एका पार्टिशनला २ जीबीच्या वर जाऊ देत नव्हती. डिस्क त्याहून मोठी असली की तुकडे पाडावेच लागायचे. शिवाय त्या काळात विंडोज वरचेवर फॉरमॅट करायची वेळ यायची, तेव्हा डीमधला डेटा वाचायचा. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कमध्ये बाहेरच्या कडेला वाचन जास्त वेगाने होतं आणि पहिलं पार्टिशन साधारणपणे तिथे पडायचं, म्हणून सी वेगळा ठेवण्यात वेगाचाही थोडा फायदा होता.

आता यातलं काय उरलंय? एनटीएफएसला २ जीबीची अडचण नाही. आणि एसएसडीमध्ये तबकडीच नाही, त्यामुळे कडाही नाही. उलट झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर डेटा सगळ्या चिप्सवर पसरून लिहितो. तुमच्या डीची अशी वेगळी जागा आत कुठे नसतेच. कंट्रोलर गेला की सी, डी, ई, एफ सगळे एकाच क्षणी जातात.

आणखी एक गैरसमज : "डिलीट झालं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअरने येतं." हा जुन्या हार्डडिस्कच्या दिवसांतला दिलासा आहे. एसएसडीवर फाइल डिलीट केली की विंडोज 'ट्रिम' नावाची सूचना पाठवतं, की ही जागा आता नको. डिस्क आपल्या सवडीने ती जागा साफ करून टाकते. मग सॉफ्टवेअरने शोधलं तरी हाती शून्यच लागतात.

बरं, तुकड्यांनी सुरक्षितता नाही तर नाही, निदान सोय तरी? तीही नाही. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. (उरलेले ३६ दुकानदाराने खाल्लेले नाहीत. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.) त्यातले १०० जीबी सीला देऊन दुकानदार मोकळा होतो. मग अपडेट सीमध्ये, पेजफाइल सीमध्ये, हायबरनेशनची फाइल सीमध्ये, अँड्रॉइड स्टुडिओचे एमुलेटर सीमध्ये, डेस्कटॉप आणि डाउनलोड्सही सीमध्येच. थर्ड इयरपर्यंत सी गुदमरतो आणि एफमध्ये क्रिकेट खेळता येईल एवढं मैदान मोकळं असतं.

मग आपण डिस्क मॅनेजमेंट उघडतो, डी श्रिंक करतो, आणि बघतो तर सीचं 'एक्सटेंड' अजूनही करडंच! याचं कारण साधं आहे. सी वाढवायला मोकळी जागा सीला लागून, त्याच्या उजव्या बाजूलाच हवी, आणि डी श्रिंक केला की जागा सुटते डीच्या पलीकडे. शेजाऱ्याच्या शेताच्या पलीकडचा तुकडा आपल्या बांधाला कसा जोडणार? त्यासाठी डीमधलं सगळं बाहेर काढून डीच डिलीट करावा लागतो, आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर तोही अडसर येतो. हे करण्याआधी दोन गोष्टी कराच : डेटाची प्रत लॅपटॉपच्या बाहेर घ्या आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर ताक सांडायला जायचं आणि दूधही घालवून बसायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. लिनक्स टाकायचं असेल तर त्याला स्वतःचं पार्टिशन लागतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. विंडोज पुन्हा टाकताना वेगळा डी उपयोगी पडतो हेही खरं. पण तो उपयोग विंडोज बिघडलं तर आहे. डिस्क मेली, लॅपटॉप चोरीला गेला, किंवा मेसमधला चहा कीबोर्डवर सांडला, तर त्याचा उपयोग शून्य. सोयीसाठी डी ठेवा, खुशाल ठेवा. सुरक्षिततेसाठी ठेवू नका, एवढंच.

सुरक्षितता एकाच गोष्टीत आहे : दुसरी प्रत, दुसऱ्या वस्तूवर. चौघींनी मिळून एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, रविवारी कपडे धुवायच्या दिवशी कॉपी करा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. कोड आणि रिपोर्ट फुकट मिळणाऱ्या क्लाउडवरही टाका. आणि फोनमधून काही डिलीट करण्याआधी स्वतःला विचारा, याची दुसरी प्रत कुठे आहे? गंमत म्हणजे आजचं जीपीटी पार्टिशन टेबलसुद्धा स्वतःची एक प्रत डिस्कच्या दुसऱ्या टोकाला ठेवतं. एका कोरड्या तक्त्याला कळतं ते आपल्याला कळू नये?

आपल्या सरांना आणि मॅडमनाही एक विनंती. प्रत्येक प्रोजेक्ट रिव्ह्यूला तुम्ही ब्लॉक डायग्राम विचारता, रेफरन्सेस विचारता. एक प्रश्न आणखी विचारा : "दुसरी प्रत कुठे आहे? दाखव." त्याला एखादा मार्क ठेवलात तरी चालेल. आम्ही मार्कांसाठी काहीही करतो हे तुम्हाला माहीतच आहे. ताईच्या वेळी रिपोर्ट वाचला तो तिच्या शहाणपणामुळे नाही, गाइडनी मेलवर ड्राफ्ट मागितला म्हणून वाचला.

ताई आता नोकरीला लागली आहे. निघताना तिने विंगमधल्या सगळ्यांना लॅपटॉप उघडायला लावला आणि कॉपी पूर्ण होईपर्यंत प्रत्येकीच्या कॉटवर बसून राहिली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आम्ही मागच्या. तिच्या ठेचेचा एवढा तरी उपयोग व्हावा.